कसर कोणती ते आधी ओळखा



पावसाळा सरून ऊन पडू लागले की आपल्या वस्तीत घरोघरी पेट्या उघडल्या जातात. गोधड्या, सतरंज्या, ठेवणीतल्या साड्या गॅलरीत नाहीतर पत्र्यावर पसरल्या जातात. मग एखाद्या घरातून आवाज येतो, "अगं बाई, कसर लागली की गं!" लग्नातल्या शालूला नाहीतर वडिलांच्या कोटाला भोक पडलेले असते. लगेच एखादे पोर दुकानात धावते आणि डांबराच्या गोळ्यांची पुडी घेऊन येते. मूठभर गोळ्या पेटीत पडतात, झाकण लागते आणि घरातल्या माणसांना वाटते की काम झाले.

आम्ही राहतो ते दिवाळे गाव खाडीच्या काठावर आहे. जून ते सप्टेंबर भिंतीला हात लावला तर हाताला ओल लागते, डब्यातले मीठ पाणी सोडते आणि कपाट उघडले की कुबट वास येतो. अशा हवेत किड्यांचे फावते. त्यामुळे गोळ्यांची पुडी आमच्याही घरात वर्षानुवर्षे येत होती. ती का बंद झाली, ते आज सांगतो.

माझी धाकटी बहीण दुसऱ्या बाळंतपणासाठी आमच्याकडे आली होती. मुलगा झाला. बाळ-बाळंतीण सुखरूप घरी आली. आईने मोठ्या हौसेने लोखंडी पेटी उघडली. माझ्या मुलाची जपून ठेवलेली झबली-टोपडी, दुपटी आणि आजीच्या लुगड्यांची शिवलेली गोधडी बाहेर काढली. पेटी उघडताच डांबराचा वास घरभर पसरला. आई म्हणाली, "वास येतोय म्हणजे कपडे चांगले राहिलेत." सकाळ-संध्याकाळ बाळाला तेल लावायचे, शेक द्यायचा आणि त्याच दुपट्यात गुंडाळून त्याच गोधडीवर निजवायचे, असा क्रम सुरू झाला.

चौथ्या दिवशी बाळ पिवळे दिसू लागले. नव्या बाळाला थोडी कावीळ होतेच, असे सगळे म्हणाले. पण बाळ दूध ओढेना, सारखे झोपून राहू लागले. रुग्णालयात नेले. रक्त तपासून झाल्यावर डॉक्टरबाईंनी आईला विचारले, "आजी, बाळाचे कपडे कशात ठेवले होते?"

"पेटीत."

"पेटीत गोळ्या होत्या?"

"होत्या की. कसर लागू नये म्हणून टाकतो दरवर्षी."

बाळाला निळ्या दिव्याखाली ठेवावे लागले. काही दिवसांत ते बरे झाले, आज अंगणात धावते आहे. पण त्या रात्री आई रुग्णालयाच्या बाकावर बसून सारखी एकच वाक्य बोलत होती, "मी चांगल्यासाठीच केलं रे." डॉक्टरबाईंनी तिला समजावले की हे कोणी मुद्दाम करत नाही, घरोघरी हीच पद्धत आहे आणि कोणी सांगितलेले नसते. म्हणूनच हे लिहितो आहे.

गोळीचे काय होते?

डांबराची गोळी म्हणजे नॅफ्थॅलीन. हा पदार्थ पूर्वापार दगडी कोळशाच्या डांबरातून काढतात, म्हणून आपल्याकडे तिला डांबरगोळी म्हणतात. ही गोळी विरघळत नाही, तिची हळूहळू वाफ होते. ती वाफ किड्याला मारते, पण कपड्यात मुरते आणि माणसाच्या श्वासातून व कातडीतूनही अंगात जाते.

काही मुलांच्या रक्तात जी-सिक्स-पी-डी नावाचे एक द्रव्य जन्मतः कमी असते. आईकडून येणारा हा दोष मुलींपेक्षा मुलग्यांत जास्त आढळतो. एरवी तो कळतही नाही. पण अशा बाळाच्या अंगात नॅफ्थॅलीन गेले तर रक्तातल्या तांबड्या पेशी भराभर फुटतात. त्यातून कावीळ वाढते, लघवी गडद, चहाच्या रंगाची होते, बाळ मलूल पडते. तान्ह्या बाळाची कावीळ फार वाढली तर मेंदूला कायमची इजा होऊ शकते. आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवा. नॅफ्थॅलीन तेलात सहज मिसळते. तेल लावलेल्या अंगाला गोळ्यांतले कपडे लागले तर ते कातडीतून जास्त शिरते. आमच्याकडे नेमके तेच घडत होते.

युरोपीय महासंघाने २००८ साली नॅफ्थॅलीनच्या कपड्यांसाठीच्या गोळ्यांवर बंदी घातली. आपल्याकडे त्या कोपऱ्यावरच्या दुकानात मिळतात. तेव्हा सांभाळायचे आपणच.

पेटीत निघाले भलतेच

बाळ घरी आल्यावर रविवारी मी ती पेटी रिकामी केली. मी कारकून माणूस. रोजकीर्द जुळली नाही तर फरक कुठून आला ते शोधायचे, भलताच आकडा लिहून बेरीज जमवायची नाही, हे आम्हाला पहिल्या वर्षीच शिकवतात. पेटीच्या तळाशी जुनी वर्तमानपत्रे अंथरलेली होती. ती उचलताच चंदेरी रंगाचे चार-पाच किडे सुळकन पळाले. कागदाच्या कडा कुरतडलेल्या होत्या. गोधडी आणि दुपटी सगळी सुती, त्यांना एकही भोक नव्हते. लोकर खाणाऱ्या ज्या किड्यासाठी जग या गोळ्या वापरते, तो किडा आमच्या पेटीत नव्हताच. त्याच्या खाण्याचेही त्यात काही नव्हते. आणि जो किडा होता तो गोळ्यांच्या वासात खुशाल कागद खात बसला होता.

चूक इथेच होते. कापड खाणाऱ्या प्रत्येक किड्याला आपण 'कसर' म्हणतो. नाव एक, पण किडे निरनिराळे. त्यांचे खाणे निराळे आणि उपायही निराळे.

ओळखायचे कसे?

१) चंदेरी कसर : अर्ध्या इंचापर्यंत लांब, चपटी, पुढे रुंद आणि मागे निमुळती. पंख नाहीत. शेपटीला केसासारखे तीन तंतू. रात्री बाहेर पडते, दिवा लावला की फटीत पळते. हिचे आवडते खाणे म्हणजे खळ, कांजी, कागद, पुस्तकाच्या बांधणीतला डिंक, जुने फोटो. बुद्धपौर्णिमेला किंवा १४ एप्रिलला नेसायची पांढरी सुती साडी कडक कांजी करून घडी घालून ठेवली, तर ती हिला मेजवानीच. ही कापडाचा वरचा थर खरवडते, त्यामुळे कापड झिरझिरीत होते आणि पिवळट डाग दिसतात.

२) लोकरीची कसर : हे एक लहानसे पाखरू आहे. तांदळाच्या दाण्याएवढे, गव्हाळ सोनेरी रंगाचे. त्याला उजेड नको असतो. घडी उलगडली की उडण्याऐवजी पळून दुसऱ्या घडीत लपते. पण पाखरू काहीच खात नाही. खाते ती त्याची अळी, पांढरट अंगाची आणि तपकिरी डोक्याची. एक मादी साधारण ४० ते ५० अंडी घालते. अळी लोकर, रेशीम, केस, पिसे खाते. कपड्याला भोके, त्याभोवती कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे आणि कापडाच्याच रंगाची वाळूसारखी विष्ठा दिसली की ही कसर समजावी. शुद्ध सुती कापड ती सहसा खात नाही. मात्र त्यावर घाम, तेल किंवा कालवणाचा डाग असेल तर तेही कुरतडते.

३) पिशवीवाली अळी : भिंतीच्या कोपऱ्यात, पंख्याच्या वर, पलंगामागे भोपळ्याच्या बीसारखी राखाडी, चपटी, दोन्ही टोकांना निमुळती पिशवी चिकटलेली आपण सर्वांनी पाहिली आहे. ती माती किंवा कचरा नव्हे. तिच्या आत अळी असते आणि ती दोन्ही टोकांतून डोके बाहेर काढू शकते. ही लोकरीच्या कसरीची चुलत बहीण. मुख्यतः कोळ्याची जुनी जाळी, केस, मेलेले किडे यांवर जगते. लोकर मिळाली तर तीही खाते. दमट हवा हिला मानवते, म्हणून खाडीकाठच्या घरांत ही फार. हिला पाहून कपाटात गोळ्या टाकण्यात काही अर्थ नाही. ही भिंतीवर आहे, कपाटात नाही.

४) केसाळ अळी : हुलग्याहूनही लहान, गोल, ठिपक्यांचा एक भुंगा असतो. त्याची तपकिरी, केसाळ अळी लोकर आणि रेशीम खाते. जाळे विणत नाही. तिची वाळलेली, पोकळ कात घडीत सापडते.

यांखेरीज स्वयंपाकघरातल्या ट्यूबलाइटभोवती जे करडे पाखरू घिरट्या घालते ते तांदळातले किंवा पिठातले. त्याला कपड्यांशी देणेघेणे नाही, डबे तपासा. मातीच्या रेघा दिसल्या तर वाळवी आहे. काळे-हिरवे ठिपके म्हणजे किडा नव्हे, बुरशी.

कापड कोणते तेही पाहा

सत्कारात मिळालेली शाल लोकरीची असेलच असे नाही. बाजारात बहुतेक शाली ॲक्रिलिकच्या असतात आणि पुष्कळ 'रेशमी' साड्या पॉलिएस्टरच्या. काठाच्या आतून एक-दोन धागे काढा, चिमट्यात धरा, ताटावर धरून काडीने पेटवा. केस जळल्यासारखा वास आला, ज्योत विझली आणि राख बोटाने चुरडली गेली तर लोकर किंवा रेशीम. कागदासारखे भुरभुर जळले तर सूत. वितळून कडक मणी झाला तर कृत्रिम धागा. लहान मुले जवळ नसताना हे करावे.

आमच्या घरात ही परीक्षा घेतली तेव्हा खऱ्या लोकरीच्या-रेशमाच्या वस्तू निघाल्या तीनच. वडिलांचे घोंगडे, बायकोचा लग्नातला शालू आणि एक जुना स्वेटर. जपायचे ते एवढ्यालाच. बाकी दोन पेट्या आणि एका कपाटाला आपण उगाच विषाचा वास देत होतो.

उपाय

चंदेरी कसरीसाठी : पेटीतले वर्तमानपत्र काढून टाका. त्याऐवजी धुतलेले जुने सुती कापड अंथरा. ठेवणीतल्या कपड्यातली कांजी धुऊन काढा आणि कपडा नेसायच्या वेळी कांजी करा. पेटी भिंतीला चिकटवून न ठेवता चार बोटे दूर, विटांवर ठेवा. फटी सिमेंटने किंवा पुट्टीने बुजवा. काचेच्या बरणीला बाहेरून कागद चिकटवा, आत चमचाभर कणीक टाका आणि रात्री कपाटाजवळ ठेवा. कसर कागदावरून वर चढते, आत पडते आणि गुळगुळीत काचेवरून तिला बाहेर येता येत नाही. पुस्तके, मुलांच्या मार्कलिस्टा, जातीचे दाखले ठेवता तिथेही ही बरणी ठेवा. साडी पुन्हा घेता येते, जुना दाखला पुन्हा काढायला किती खेटे घालावे लागतात ते आपल्याला ठाऊक आहे.

लोकरीच्या कसरीसाठी आणि केसाळ अळीसाठी : घडी उलगडा आणि घराबाहेर नेऊन मऊ ब्रशने काठ, शिवण, खिसे, कॉलर झाडा. अंडी शिवणीतच असतात. जो कपडा गरम पाणी सोसतो तो गरम पाण्यात धुवा. जो सोसत नाही त्याला आतून कापड घालून इस्त्री करा, उष्णतेने अंडी आणि अळी दोन्ही मरतात. घोंगडे, स्वेटर काळ्या प्लॅस्टिकच्या पिशवीत घट्ट बांधून एप्रिल-मेच्या उन्हात पत्र्यावर दिवसभर ठेवा, मध्ये उलटा. आतली उष्णता ५० अंशांच्या वर गेली की कीड जगत नाही. शालू मात्र उघड्यावर उन्हात टाकू नये, रंग उडतो. तो सावलीत वाऱ्यावर पसरावा.

कोणी सांगतात की थंडीनेही कसर मरते. ते खरे आहे, पण त्यासाठी शून्याखाली १८ अंशांची थंडी काही दिवस लागते. आपल्या एकदारी फ्रिजचा बर्फाचा कप्पा बहुधा तेवढा थंड नसतो. आमच्या शेजारच्या एका मावशींनी विचारले, "भाऊ, आमच्या मासळीच्या पेटीत बर्फ भरपूर असतो, त्यात ठेवू का?" मावशी, वितळता बर्फ शून्य अंशावरच असतो. मासळी टिकेल, पण कसर मरणार नाही आणि शालूला बोंबलाचा वास लागेल.

पिशवीवाल्या अळीसाठी : पंधरा दिवसांतून एकदा कोपऱ्यांतली कोळिष्टके काढा. पिशव्या झाडूने खाली पाडून सोडू नका, अळी पुन्हा चढते. उचलून साबणाच्या पाण्यात टाका. पलंगाखालचे केस आणि धूळ काढली की तिचे अन्नच संपते.

आणि सगळ्यांसाठी एक नियम. मळका कपडा कधीही ठेवणीत टाकू नये. लग्नाहून आलो, घाम लागलेला शालू तसाच घडी करून ठेवला, ही कसरीला दिलेली आमंत्रणपत्रिका समजावी.

आजीबाईचा बटवा

कडुलिंबाची सावलीत वाळवलेली पाने आणि वेखंडाचे तुकडे सुती पुरचुंडीत बांधून ठेवायची आपली जुनी रीत चांगली आहे. तंजावरच्या सरस्वती महाल ग्रंथालयात जुन्या पोथ्यांजवळ वेखंड आणि मसाल्याच्या जिनसांची पूड पुरचुंडीत बांधून ठेवत आले आहेत. पण या वस्तू किड्याला लांब ठेवतात, कापडात आधीच शिरलेल्या अळीला मारत नाहीत. आधी झाडणे, धुणे, ऊन देणे, मग पुरचुंडी, हा क्रम सोडू नये. पुरचुंडी दर सहा महिन्यांनी बदलावी. कापूर मात्र लहान मुलांच्या हाती लागू देऊ नका. तो पोटात गेला तर मुलाला झटके येऊ शकतात.

गोळ्या वापरायच्याच असतील तर

खऱ्या लोकरीच्या वस्तूसाठी कोणाला गोळ्या वापरायच्याच असतील तर त्या घट्ट झाकणाच्या डब्यातच वापराव्या. वाफ कोंडली तरच गोळी काम करते. उघड्या कपाटात टाकलेली गोळी कसर मारत नाही, तिची वाफ फक्त आपल्या श्वासात जाते. दहा बाय दहाच्या खोलीत तर सगळे कुटुंब त्याच हवेत झोपते. तान्ह्या बाळाच्या कोणत्याही कपड्याजवळ, गरोदर बाईच्या कपड्यांत, उशी-पांघरुणांत गोळ्या ठेवू नयेत. पूर्वी ठेवल्या असतील तर ते कपडे धुऊन वास पूर्ण जाईपर्यंत उन्हा-वाऱ्यावर ठेवावेत. पण बाळासाठी ते वापरूच नयेत, दुसरे घ्यावेत.

पांढरी गोळी मुलांना पेपरमिंट वाटते. मुलाने ती गिळली तर उलटी काढू नका, दूध किंवा तूप-तेल पाजू नका. त्यात हे विष जास्त विरघळते. गोळ्यांची पुडी बरोबर घेऊन तडक रुग्णालयात जा. मूल बरे दिसते म्हणून थांबू नका, लक्षणे एक ते तीन दिवसांनीही दिसतात.

धान्यात टाकायच्या विषारी गोळ्या, शेतावर फवारायचे औषध असले काहीही घरात कपड्यांसाठी वापरू नका. धान्याच्या त्या गोळीतून निघणारा वायू झोपेत माणसाचा जीव घेतो. डायक्लोरव्हॉस हे औषध लोक सर्रास ढेकणांवर मारत, त्यावर सरकारने २०२० च्या अखेरीपासून बंदी घातली आहे. कोणाच्या घरी जुनी बाटली पडून असेल तर ती वापरू नका.

जपायचे कशासाठी?

नागपूरजवळ चिचोलीच्या शांतिवनात बाबासाहेबांच्या वापरातले कपडे, टंकलेखन यंत्र आणि इतर वस्तू ठेवल्या आहेत. वामनराव गोडबोले यांच्यासारख्या कार्यकर्त्यांनी त्या मिळवल्या, सांभाळल्या म्हणून आज आपल्याला पाहता येतात. काळाने तेही कापड जीर्ण होऊ लागले आणि शास्त्रीय पद्धतीने त्याचे जतन करावे लागले. संग्रहालयातली माणसे करतात ते मुळात हेच असते. वस्तू स्वच्छ आणि कोरडी ठेवायची, ठरल्या वेळी उघडून पाहायची, कीड दिसली तर कोणती ते ओळखायचे आणि मग हात घालायचा.

आपल्याही पेट्यांत काही थोडे नसते. आजीचे लुगडे असते, वडिलांचा गिरणीतला बिल्ला लावलेला सदरा असतो, दीक्षाभूमीला नेसून गेलेली पांढरी साडी असते. ते जपलेच पाहिजे. पण त्यासाठी पेटीत काय टाकावे यापेक्षा पेटी किती वेळा उघडावी याला महत्त्व आहे. आमच्या घरी आता वर्षातून दोनदा पेटी उघडतो. एकदा मे महिन्यात, पाऊस पडण्याआधी आणि एकदा ऑक्टोबरच्या उन्हात. आई स्वतः प्रत्येक घडी झटकते, नातवाला जवळ बसवून बरणीतली चंदेरी कसर दाखवते. आजीची गोधडी दोनदा धुऊन महिनाभर उन्हात होती. वास गेला, पण ती आता मोठ्यांच्या अंथरुणात आहे. बाळासाठी आईने नवी शिवली. तिच्या स्वतःच्या दोन सुती साड्यांची.

येत्या रविवारी आपली पेटी उघडून पाहा. शेजारी कोणी लेक बाळंतपणाला आली असेल तर तिच्या आईला हा लेख वाचून दाखवा. वाचता येत नसेल तर तोंडी सांगा, पण सांगाच.

जयभीम.